हातातले सॉफ्टवेअर आणि डोक्यावरची जोखीम

कापडाच्या धंद्यात माल पारखल्याशिवाय कोणी घेत नाही. ताका उलगडून पन्हा मोजला जातो, रीड-पिक पाहिली जाते, रंग पाण्यात सुटतो का याची खात्री केली जाते. सुताविषयी शंका आली तर धागा जाळून त्याचा वास आणि राख पाहिली जाते. मीटरमागे चार आण्यांसाठी तासभर घासाघीस करणारा व्यापारी डोळे झाकून माल उचलत नाही. मात्र हाच धंदा वाढून मोठी कंपनी होते आणि विक्री प्रतिनिधींच्या हाती देण्यासाठी सॉफ्टवेअर घ्यायची वेळ येते, तेव्हा ही पारख कोठे जाते, असा प्रश्न आम्हाला पडतो. वातानुकूलित खोलीत पडद्यावर रंगीत चित्रे दाखविली जातात, चहापाणी होते, दर ठरतो आणि महिन्याभरात शेकडो माणसांच्या मोबाईलमध्ये ते सॉफ्टवेअर चढविले जाते. ज्यांनी ते वापरायचे, त्यांना कोणी विचारलेले नसते.

आम्ही येथे हातात धरण्याच्या यंत्रावर चालणाऱ्या सॉफ्टवेअरविषयी लिहीत आहोत. विक्रेत्याच्या मोबाईलमधील ऑर्डर घेण्याचे अ‍ॅप, गोदामात बारकोड वाचणारे यंत्र, माल पोहोचविणाऱ्या मुलाच्या हातातील पोच घेण्याचे साधन, ही त्याची उदाहरणे. यंत्र बनविणारी कंपनी एक, ते वापरणारी दुसरी आणि त्यातील सॉफ्टवेअर तिसऱ्याच कंपनीचे, असा हा मामला असतो.

वाचक म्हणतील, हा मोठ्या कंपन्यांचा विषय आहे, आम्हा लहान व्यापाऱ्यांना आणि कारागिरांना त्याचे काय? पण थोडा विचार करावा. भिवंडीच्या मोठमोठ्या गोदामांत ही यंत्रे हातात घेऊन काम करणारी मुले आपल्याच वस्त्यांतील आहेत. मोठ्या कंपनीची एजन्सी घेतलेला दुकानदार तिच्याच अ‍ॅपवर ऑर्डर नोंदवतो. मजुरीवर माल विणून देणाऱ्याचा माल जमा झाला की नाही, हे आता चलानाबरोबर यंत्रही सांगते. निवड वरच्या मजल्यावर होते आणि परिणाम खाली भोगावे लागतात. म्हणून ही निवड कशी व्हावी याबद्दल बोलण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

कसोटी बाजारात व्हावी

आमचे पहिले म्हणणे असे की, सॉफ्टवेअरची परीक्षा कार्यालयात न होता बाजारात व्हावी. ज्याच्या हातात यंत्र राहणार, त्यानेच ते तपासावे.

कापडाचेच उदाहरण घ्या. आपल्याकडे माल ताक्याने मोजला जातो आणि बिल मीटरवर होते. एक ताका ९८.४० मीटर भरतो, दुसरा १०१.७५. त्यातून एखादा कट निघतो, शेवटी फेंट उरते. साबण-बिस्किटांच्या धंद्यासाठी बनविलेल्या सॉफ्टवेअरला हे समजत नाही. तेथे एक खोके म्हणजे एक खोके. असे सॉफ्टवेअर कापडाच्या कंपनीने घेतले, तर विक्रेता ‘दहा ताके’ लिहितो, यंत्र त्याचे हजार मीटर धरते आणि महिन्याअखेर साठ्याचा हिशेब जुळत नाही. मग चोरीचा संशय प्रथम गोदामातील माणसावर येतो.

दुसरी गोष्ट रेंजची. आपली अर्धी बाजारपेठ तळघरात आणि पत्र्याच्या शेडखाली आहे. ऑर्डर भरत असताना रेंज जाते, विक्रेता बटण पुन्हा दाबतो आणि एकाच ऑर्डरच्या दोन ऑर्डरी होतात. माल दुप्पट येतो, परत पाठविण्याचे भाडे दुकानदाराच्या माथी बसते. याची परीक्षा अगदी सोपी आहे. मोबाईलचे नेटवर्क बंद करून दहा ऑर्डरी भराव्यात, दोन-तीन वेळा बटण मुद्दाम पुन्हा दाबावे, मग नेटवर्क सुरू करावे. कार्यालयात बरोबर दहाच ऑर्डरी पोहोचल्या पाहिजेत. नऊही नकोत, अकराही नकोत. तसेच दोन विक्रेत्यांनी नेटवर्क नसताना एकच शिल्लक लॉट दोन पार्ट्यांना विकला, तर सॉफ्टवेअर काय करते हेही पाहावे. चांगले सॉफ्टवेअर तो गोंधळ लगेच उघड करते. वाईट सॉफ्टवेअर दोघांनाही ‘ऑर्डर मंजूर’ म्हणते.

तिसरी गोष्ट नावांची. आपल्याकडील नावे इंग्रजीत लिहिताना प्रत्येकजण वेगळी लिहितो. ‘शेख’ हे एकच आडनाव तीन विक्रेते तीन प्रकारे लिहितात आणि एका पार्टीची तीन खाती तयार होतात. एका खात्यात उधारी दिसते, दुसऱ्यात जमा. नाव मराठीत किंवा उर्दूत टाकले तर शोधता येते का, मोबाईल क्रमांकावरून किंवा जीएसटी क्रमांकावरून खाते एकच राहते का, हे आधी पाहिले पाहिजे.

शिवाय परीक्षा व्यवस्थापकाच्या महागड्या फोनवर करू नये. विक्रेत्याकडे असतो तसा साधा, तीन-चार वर्षे जुना फोन घ्यावा. भर उन्हात पडदा वाचता येतो का, संध्याकाळपर्यंत बॅटरी टिकते का, जाड चष्मा लावणाऱ्या अनुभवी विक्रेत्याला अक्षरे दिसतात का, हे त्यावरच कळते. दहा माणसांवर नीट चालणारे सॉफ्टवेअर ईद-दिवाळीच्या हंगामात पाचशे माणसांनी एकाच सकाळी उघडले तर बसकण मारते का, याचीही हमी लेखी घ्यावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे निदान एक महिना जुनी वही आणि नवे यंत्र दोन्ही बरोबरीने चालवावे. महिन्याअखेर दोहोंत फरक निघाला, तर तो रुपयापर्यंत उलगडल्याशिवाय वही बंद करू नये.

पायाखालची जमीन

सॉफ्टवेअर कितीही चांगले असले तरी ते ज्या प्रणालीवर चालते, ती प्रणाली दुसऱ्याची असते. घर आपले आणि जमीन भाड्याची, असा हा प्रकार आहे. जमीनमालकाने जागा सोडायला सांगितली की घराची किंमत शून्य होते.

याचे दाखले भरपूर आहेत. अमेरिकेत १९९६ साली ‘पाम पायलट’ नावाचे तळहातावर मावणारे यंत्र निघाले. त्यासाठी बाहेरच्या असंख्य लोकांनी सॉफ्टवेअरे लिहिली आणि कंपन्यांनी ती आपल्या माणसांच्या हाती दिली. २००९ मध्ये पामने स्वतःच जुनी प्रणाली सोडून नवी आणली, २०१० मध्ये एचपी कंपनीने पाम विकत घेतली आणि ऑगस्ट २०११ मध्ये ती यंत्रे बनविणेच थांबविण्याची घोषणा केली. गोदामांतील बारकोड यंत्रांवर अनेक वर्षे मायक्रोसॉफ्टची हँडहेल्ड प्रणाली चालत असे. तिच्या ६.५ आवृत्तीचा आधार जानेवारी २०२० मध्ये संपला आणि कंपन्यांना अँड्रॉइडकडे वळावे लागले. एके काळी प्रत्येक मोठ्या साहेबाच्या हातात दिसणाऱ्या ब्लॅकबेरीच्या जुन्या फोनांची सेवा ४ जानेवारी २०२२ रोजी बंद झाली.

न्यूयॉर्क पोलीस दलाचे उदाहरण तर फार बोलके आहे. २०१४ पासून या दलाने आपल्या शिपायांना विंडोज प्रणालीचे सुमारे ३६,००० फोन देण्याची योजना हाती घेतली. जुलै २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज फोन ८.१ चा आधार बंद केला आणि त्याच वर्षी दलाने हे फोन बदलून आयफोन देण्याचे जाहीर केले. अशा वेळी फोन बदलला की त्यासाठी बनविलेले सॉफ्टवेअरही नव्याने बनवावे लागते. एवढ्या मोठ्या, पैसेवाल्या संस्थेची ही गत झाली, तर इतरांनी किती सावध असावे?

म्हणून करार करताना स्पष्ट विचारावे : हे सॉफ्टवेअर एकाच प्रकारच्या फोनवर चालते की अधिक? प्रणालीची नवी आवृत्ती आली तर किती दिवसांत सुधारणा मिळेल, आणि तिचा खर्च कोणाचा? सॉफ्टवेअर बनविणारी कंपनी बुडाली किंवा विकली गेली, तर त्याचा मूळ कोड एखाद्या विश्वासू त्रयस्थाकडे ठेवलेला आहे का, म्हणजे दुसरा कोणी ते पुढे चालवू शकेल? ज्याला या प्रश्नांची उत्तरे देता येत नाहीत, त्याच्याकडून पाच वर्षांचा व्यवहार करू नये.

माहिती ही अमानत आहे

व्यापाऱ्याची खरी पुंजी दुकानातील मालापेक्षा त्याच्या संबंधांत असते. कोणती पार्टी काय भावाने घेते, किती दिवसांची उधारी चालते, कोणाचा हात सध्या तंग आहे, ही माहिती आपण घरातही बोलत नाही. पण हातातले सॉफ्टवेअर ती रोज गोळा करते आणि कोठेतरी दूर साठवते. ही माहिती त्याच्याकडे अमानत असते. अमानतीत खयानत होत नाही, याची खात्री कोण करणार?

‘कॅमस्कॅनर’ हे अ‍ॅप अनेकांना आठवत असेल. बिल, चलान, आधार कार्ड यांचा फोटो काढून त्याचा नीटनेटका कागद करण्यासाठी ते घरोघरी आणि कार्यालयोकार्यालयी वापरले जात होते. अँड्रॉइडवर ते दहा कोटींहून अधिक वेळा उतरवून घेतले गेले होते. ऑगस्ट २०१९ मध्ये कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीने दाखवून दिले की, त्याच्या आवृत्तीत घातक कोड शिरला आहे. विशेष म्हणजे तो कोड जाहिराती दाखविण्यासाठी घेतलेल्या दुसऱ्याच कोणाच्या तयार भागातून आला होता. गुगलने ते अ‍ॅप आपल्या दुकानातून काढले, सुधारणा झाल्यावर ते परत आले. पुढे २९ जून २०२० रोजी भारत सरकारने ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी घातली, त्यात कॅमस्कॅनरही होते. ज्यांनी आपले कामकाज त्यावर बेतले होते, त्यांना एका रात्रीत दुसरी सोय शोधावी लागली.

यातून दोन धडे मिळतात. पहिला असा की, तिसऱ्या कंपनीच्या मागे चौथी आणि पाचवी उभी असते. तेव्हा सॉफ्टवेअरमध्ये आणखी कोणाचे तयार भाग आहेत, माहिती कोणत्या देशात साठविली जाते, याची यादी मागितली पाहिजे. दुसरा असा की, आपली माहिती साध्या एक्सेलच्या पानांत केव्हाही बाहेर काढता आली पाहिजे. हे आश्वासन ऐकून थांबू नये. करारावर सही करण्यापूर्वी सर्व खाती एकदा बाहेर काढून, दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावीत.

परवानग्यांचाही विचार हवा. ऑर्डर घेणाऱ्या अ‍ॅपला मायक्रोफोन कशाला लागतो? फोनमधील सर्व नावे-क्रमांक कशाला लागतात? माणूस कामावर कोठे आहे हे कंपनीने पाहिले, तर एक वेळ समजू शकते. पण सुट्टीच्या दिवशी तो कोणाकडे गेला, हे तिला कळण्याचे कारण नाही. पुष्कळदा तर फोनही विक्रेत्याचा स्वतःचाच असतो. कामाला आवश्यक नाही अशी प्रत्येक परवानगी बंद करून सॉफ्टवेअर चालते का, हे पाहावे. चालत नसेल तर कारण विचारावे.

ऑगस्ट २०२३ मध्ये आपल्या देशात डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा मंजूर झाला. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम जाहीर झाले असून तो टप्प्याटप्प्याने अंमलात आणावयाचा आहे. त्यात दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. ‘चूक सॉफ्टवेअरवाल्याची होती’ असे सांगून कंपनीला हात झटकता येणार नाहीत. माहिती ज्याच्यासाठी गोळा केली गेली, जबाबदारी त्याचीच राहील. निदान दंडाच्या भीतीने तरी मोठ्या कंपन्या हे प्रश्न विचारू लागतील, अशी आशा आहे.

चुकीचा भार कोणावर?

आमच्या मते सर्वांत मोठा प्रश्न हाच आहे आणि सॉफ्टवेअर घेताना नेमका हाच विचारला जात नाही. यंत्राचा आकडा एक आणि माणसाचा आकडा दुसरा निघाला, तर खरा कोणता मानायचा?

ब्रिटनच्या टपाल कंपनीने १९९९ पासून ‘होरायझन’ नावाची हिशेबाची प्रणाली आपल्या शाखांत बसविली. ती पुढे फुजित्सू या बाहेरच्या कंपनीकडून चालविली जात होती. हे यंत्र हातातले नसून टपालाच्या काउंटरवरचे होते, पण धडा तोच आहे. प्रणाली शाखांत पैशांची तूट दाखवू लागली. शाखा चालविणारी माणसे तुमच्याआमच्यासारखी लहान दुकानदार होती, त्यांत भारतीय उपखंडातून तेथे स्थायिक झालेली अनेक कुटुंबे होती. ती सांगत राहिली की आम्ही पैसे घेतलेले नाहीत, हिशेब यंत्राने चुकविला आहे. कोणी ऐकले नाही. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक लोकांना चोरी, अफरातफर आणि खोटा हिशेब यांसारख्या आरोपांवरून शिक्षा झाल्या. कित्येकांनी घर गहाण टाकून न झालेली तूट भरली, कित्येक तुरुंगात गेले.

डिसेंबर २०१९ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने प्रणालीत दोष असल्याचे मान्य केले. शाखाचालकाच्या नकळत बाहेरून त्याच्या हिशेबात हात घालता येत होता, हेही सिद्ध झाले. एप्रिल २०२१ मध्ये अपील न्यायालयाने ३९ जणांच्या शिक्षा रद्द केल्या आणि मे २०२४ मध्ये ब्रिटिश संसदेला खास कायदा करून शेकडो शिक्षा एकदम रद्द कराव्या लागल्या. यंत्र चुकू शकते, एवढी साधी गोष्ट मान्य व्हायला वीस वर्षे लागली.

आपल्या बाजारात एवढे मोठे प्रकरण घडलेले नाही, पण त्याचे लहान नमुने रोज घडतात. डिलिव्हरीच्या मुलाने माल दिलेला असतो, यंत्रात पोच चढत नाही, आणि पगारातून पैसे कापले जातात. कारागिराने शंभर नग जमा केलेले असतात, यंत्र ९४ सांगते, आणि मजुरी ९४ चीच मिळते. ‘सिस्टीममध्ये असेच दिसते आहे’ हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. पूर्वी मुनीम चुकला तर त्याला समोर बसवून वही उघडता येत होती. यंत्रासमोर कोणाला बसवायचे?

म्हणून आमचे स्पष्ट मत आहे की, कोणत्याही मोठ्या कंपनीने हातातले सॉफ्टवेअर घेताना तीन अटी पाळल्या पाहिजेत. प्रत्येक नोंद कोणी, केव्हा, कोठून केली आणि नंतर कोणी बदलली, याची पुसता न येणारी नोंद सॉफ्टवेअरमध्ये असावी. ज्याच्या नावावर व्यवहार झाला, त्याला त्याची प्रत त्याच क्षणी मिळावी, मग ती एसएमएसने असो वा कागदावर. आणि वाद निघाल्यास यंत्र बरोबर होते हे कंपनीने सिद्ध करावे, माणसावर निर्दोषपणा सिद्ध करण्याची पाळी येऊ नये. ज्याने सॉफ्टवेअर निवडले, त्याने त्याच्या चुकीचा भार उचलावा. इमानाचा व्यवहार यालाच म्हणतात.

खर्चाचा हिशेब

दराबाबत थोडक्यात सांगतो. माणशी महिना ३०० रुपये हा आकडा ऐकायला लहान वाटतो. पाचशे माणसे धरली तर वर्षाला १८ लाख आणि पाच वर्षांत ९० लाख होतात. त्यात माणसांना शिकविण्याचा खर्च, नवे फोन, टॅली किंवा अन्य हिशेबाच्या सॉफ्टवेअरशी जोडण्याचा खर्च आणि शेवटी ते सोडून जाण्याचा खर्च मिळवावा. पहिल्या वर्षी स्वस्त आणि तिसऱ्या वर्षी दुप्पट, असा दर नको असेल तर वाढीची मर्यादा करारातच लिहून घ्यावी.

काहीजण म्हणतील, एवढी तपासणी करत बसलो तर प्रतिस्पर्धी पुढे निघून जातील. काही म्हणतील, मग बाहेरचे सॉफ्टवेअर घेऊच नये, स्वतःच बनवावे. दोन्ही म्हणणी आम्हाला पटत नाहीत. कापड विकणारा प्रत्येकजण माग चालवीत नाही. ज्याचे काम त्याने करावे, यात शहाणपण आहे आणि चांगले त्रयस्थ सॉफ्टवेअर लहान-मोठ्या सर्वांचे श्रम वाचविते, हेही खरे. उशिराबद्दल म्हणाल, तर एक-दोन महिन्यांची परीक्षा ही काही मोठी किंमत नाही. पाचशे माणसांच्या हातातून चुकीचे सॉफ्टवेअर परत घ्यायला त्याहून कितीतरी अधिक काळ लागतो.

आपण काय करावे

मोठी कंपनी आपल्याला विचारून सॉफ्टवेअर घेणार नाही, हे मान्य. तरीही आपल्या हातात काहीच नाही असे नव्हे. कंपनीने नवे अ‍ॅप वापरायला सांगितले, तर पहिले दोन-तीन महिने आपली वही चालू ठेवावी. प्रत्येक ऑर्डरची आणि पोचेची प्रत किंवा पडद्याचा फोटो जपून ठेवावा. फरक दिसताच त्याच दिवशी लेखी कळवावे, तोंडी तक्रारीला किंमत नसते. करारात ‘कंपनीच्या प्रणालीतील नोंद अंतिम राहील’ असे कलम असेल, तर ‘लेखी हरकत नसल्यास’ हे शब्द त्यात घालण्याचा आग्रह धरावा. एकटा दुकानदार हे करू शकणार नाही, पण बाजार असोसिएशनने एकत्र मागणी केली तर कंपनीला ऐकावे लागते.

आणि आपल्या ज्या मुलांनी संगणकाचे शिक्षण घेतले आहे, जी आज मोठ्या कंपन्यांच्या कार्यालयांत अशी सॉफ्टवेअरे निवडण्याच्या टेबलावर बसतात, त्यांना आमचे विशेष सांगणे आहे. निर्णय घेण्यापूर्वी एक दिवस ते यंत्र घेऊन बाजारात जा. तळघरातील दुकानात उभे राहून ऑर्डर भरा, गोदामात चारशे पेट्या मोजा, कारागिराच्या दारात बसून त्याच्या मालाची पावती करा. जे तेथे चालेल, तेच कंपनीत आणा. ताका उलगडल्याशिवाय भाव न ठरविणारा बाप ज्यांच्या घरी आहे, त्यांना ही गोष्ट वेगळी शिकवावी लागू नये.